छान करून नाही द्यायचं

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत आपलाही पाट मांडावा, इतके धाडस माझ्या अंगी कधी नव्हते, आणि आजही ते आले आहे असे नाही. तीस वर्षे मी धारच्या एका शाळेत संस्कृत शिकवले आणि दुसऱ्यांच्या वाक्यांखाली तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या. स्वतःचे वाक्य मात्र कोणापुढे ठेवले नाही. साठी उलटल्यावर ते ठेवते आहे, तेही स्वयंपाकघरातल्या एका यंत्राविषयी. तेव्हा वाचकांनी आरंभीच क्षमा करावी. विषय क्षुल्लक आहे. परंतु त्यात माझी एक चूक आहे, आणि ती चूक पुण्याच्या किंवा नागपूरच्या बाईच्या हातून झाली नसती, अशी माझी नम्र समजूत आहे.

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी, देवासला असतात. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षापर्यंत त्या दर मंगळवारी देवीची टेकडी पायी चढत आणि घरी परतल्यावर "आज गर्दी फार होती" एवढेच म्हणत. पायऱ्यांविषयी अक्षर नाही. जेवणात त्यांची एकच अट असे. पानाच्या डाव्या बाजूला काहीतरी कच्चे हवे. मुळा, गाजर, कोबी, काहीही चाले. आणि भाद्रपदात बाजारात बालम ककडीचे ढीग लागले की त्यांना दुसरे काही नकोच असे. ही आमच्या माळव्याची काकडी हातभर लांब आणि आतून केशरी असते. माझ्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. तेवढी वर्षे वन्सं माझ्या हातच्या कोशिंबिरी खात आल्या, पण एकदाही त्यांनी 'छान' म्हटले नाही. "मीठ बरोबर आहे" ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी, आणि ती मला दोनदा मिळाली आहे.

यंदा पावसाळ्यात त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी बसवण्याआधी हिरड्या भरून याव्या लागतात. तेवढे दिवस हवापालट म्हणून त्या आमच्याकडे धारला आल्या. मऊ भात, वरण, दूध, पुन्हा मऊ भात. पंधरा दिवसांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. त्याहून मला जे लागले ते वेगळेच होते. वन्सं आमच्याबरोबर जेवायला बसेनाशा झाल्या. ताट घेऊन खोलीत जात आणि दार लोटून घेत.

"आक्का, इथेच बस की. आम्ही काय परके आहोत?" यजमान म्हणाले.

"तोंडाचं बोळकं झालंय. ते काय प्रदर्शनात मांडायचं?" वन्सं म्हणाल्या आणि दार लोटले गेले.

अशातच देवासहून वन्संच्या सूनबाईचा फोन आला. ही मुलगी गुणी आहे. मात्र तिचे सारे शिक्षण हिंदीतून झालेले, त्यामुळे तिची मराठी नेसते नऊवारी आणि चालते सलवार-कमीजमध्ये. मला तिची वाक्ये सुधारण्याची सवय होती. वाईट सवय, हे आता कबूल करते.

"मामी, डॉक्टरांना विचारलं. कमजोरी आलीय म्हणाले. कच्च्या भाज्या पोटात जायला पाहिजेत. पिसून द्यायच्या."

"पिसून नव्हे गं. पत्ते पिसतात. भाज्या वाटतात."

"हो मामी, वाटून. त्या स्मूदी असतात ना, तशा. आणि एक खास सांगितलंय, छान करून नाही द्यायचं."

"छान करून नाही?"

"बिलकुल नाही. नाहीतर काही फायदाच नाही म्हणाले."

मी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले: 'छान करून द्यायचे नाही.' डॉक्टर कडक दिसतात, असे मनात आले. छान करायचे नाही म्हणजे मीठ नको, जिरे नको, लिंबू नको, औषधासारखे द्यायचे. यजमानांना मी ही ओळ वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "मग काळजी कसली? अडतीस वर्षांत तुझ्याकडून छान झाल्याची तक्रार आक्कानं कधी केलेली नाही."

पहिला प्रयोग घरच्या मिक्सरवर झाला. चटणीच्या भांड्यात पालक, गाजर आणि काकडी घालून मी ते पाच वेळा फिरवले. गाजराचा रवा झाला, काकडीचे पाणी झाले आणि पालकाच्या देठांचे दोरे तसेच राहिले. पेला खोलीत गेला. थोड्या वेळाने वन्सं दारात उभ्या राहिल्या. चिमटीत एक हिरवा लांब धागा होता.

"वहिनी, हे पेय आहे की सूतकताई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता बाजारात गेलो. विजेच्या उपकरणांचे ते दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आहे. त्याने "पांव लागूं, मॅडमजी" म्हणून पुढ्यात तीन यंत्रे मांडली. एक दांडीसारखे होते, रवीला वीज जोडावी तसे. ते यजमानांनी हातात धरून हवेत ताक घुसळले आणि परत ठेवले. दुसरे उंच भांड्याचे, तळाशी जाड पाती असलेले. तिसऱ्याला दोन तोंडे होती. एकातून रस आणि दुसऱ्यातून चोथा.

"देखो मॅडमजी," तो समजावू लागला, "ये ऊंचा वाला सब पीस देता है, कुछ बाहर नहीं निकलता. और ये दो मुंह वाला छानके देता है. एकदम साफ."

"भिया, आवाज ऐकव दोन्हीचा," यजमान म्हणाले. बाजारात ते मराठी आणि हिंदी एकाच पिशवीत भरतात.

उंच यंत्र मोटारगाडी घाटात अडकावी तसे ओरडले. दोन तोंडांचे मात्र जात्यासारखे घरघरत राहिले. मी भीत भीत विचारले, की घेणाऱ्या बाईंना दात नाहीत, धागा तोंडात आलेला चालणार नाही, तर यांतले कोणते बरे?

"फिर तो छानके ही दो मॅडमजी. रेशा अटकेगा ही नहीं."

मला ते पटले. ज्या धाग्यापायी वन्संचा टोमणा ऐकावा लागला, तो धागाच वगळणारे यंत्र मिळाले, या समाधानात मी ते घरी आणले.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी तिरल्याहून येणाऱ्या भाजीवालीकडून पालक, गाजर, काकडी घ्यायची, यंत्रात घालायची आणि पेलाभर नितळ हिरवे पाणी वन्संपुढे ठेवायचे. मीठ नाही, लिंबू नाही. वन्सं ते डोळे मिटून पीत. "गेल्या जन्मी एखादं व्रत अर्धवट टाकलं असेन मी," एवढेच म्हणत. यंत्र धुणे हा स्वतंत्र संसार होता. त्याच्या बारीक जाळीत अडकलेले कण निघता निघत नसत. शेवटी वन्संनीच आपला दात घासायचा ब्रश आणून दिला. "घ्या, निदान याला तरी काम मिळू दे."

चोथा मात्र टोपलीभर निघे. तो मी फाटकाशी येणाऱ्या गाईला घाली. आठवडाभरात ती वेळेवर येऊ लागली. दुसऱ्या आठवड्यात वेळेआधी.

"ही गाय बघा कशी बाळसं धरतेय," वन्सं खिडकीतून म्हणाल्या.

गाईने बाळसे धरले, वन्संनी नाही. पोटाचीही तक्रार सुरू झाली, तिचे वर्णन येथे करत नाही. एके सकाळी त्या अंगणात जायला निघाल्या. आमच्या दाराला तीनच पायऱ्या आहेत. दुसरीवर त्या बसल्या. मी धावत गेले, तर म्हणाल्या, "काही नाही, जरा ऊन लागलं." आकाश भरून आलेले होते. टेकडीच्या पायऱ्यांविषयी ज्यांनी कधी अक्षर काढले नाही, त्या आमच्या दुसऱ्या पायरीवर बसून उन्हाला नावे ठेवत होत्या. मी त्यांचा हात धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी यंत्रात दुप्पट भाज्या घालू लागले. गाईने आपल्या वासरालाही बरोबर आणायला आरंभ केला.

त्या रविवारी भाचे आणि सूनबाई देवासहून भेटायला आले. सूनबाईने ओट्यावरचा पेला उचलला आणि उजेडाकडे धरला. पलीकडची खिडकी त्यातून स्वच्छ दिसत होती.

"मामी, हे तर छानलंय!"

"कसलं छान? घोटभर घेऊन बघ. मीठसुद्धा घातलेलं नाही."

"मीठ का नाही घातलं?"

"तूच म्हणालीस ना, छान करून द्यायचं नाही?"

सूनबाईने पेला खाली ठेवला. एकदा माझ्याकडे, एकदा त्या दोन तोंडांच्या यंत्राकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "मामी... छानकर. डॉक्टर म्हणाले, छानकर मत देना."

हिंदीत छानना म्हणजे गाळणे. हे मला ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. माझ्या साऱ्या परीक्षा हिंदीतूनच झाल्या आहेत, आणि दुकानदाराने तर हा शब्द माझ्या तोंडावर पुनःपुन्हा उच्चारला होता. परंतु माझ्या डोक्यात या दोन भाषा मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांप्रमाणे वेगवेगळ्या असतात. जिऱ्याचा दाणा मोहरीत पडू द्यायचा नाही, याचा मला अभिमान होता. दुकानातले 'छान' एका वाटीत पडले, फोनवरचे दुसऱ्या वाटीत, आणि दोघांची भेट झालीच नाही. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे भाजीतला जो चोथा वन्संच्या पोटात जायला हवा होता, तो तीन आठवडे मी श्रद्धेने गाईला वाढत होते.

"अगं, पण गाळून म्हणायचं होतंस," मी म्हटले. सवय!

"शब्द येतो मला, मामी," ती खाली मान घालून म्हणाली. "पण तुमच्याशी बोलताना भीती वाटते. पिसूनवर तुम्ही टोकलंत, मग पुढं जे तोंडात आलं ते बोलून टाकलं."

तांबड्या शाईची ती बाटली मी निवृत्तीबरोबर शाळेत ठेवून आले, अशी माझी समजूत होती.

यजमानांना मात्र एव्हाना अर्थ उमगला होता, आणि ते खुर्चीचा आधार घेऊन हसत होते. आवाज ऐकून वन्सं खोलीतून बाहेर आल्या. सूनबाईने भीत भीत सारे सांगितले. वन्संनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मला वाटले, आता सामान बांधायला घेतील.

"म्हणजे फळ गाईला," त्या म्हणाल्या, "आणि व्रत मला!"

आणि त्या हसल्या. पदर तोंडाशी न नेता, आम्हा सर्वांसमोर, त्या बोळक्या तोंडाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

सोमवारी मी दुकानात एकटीच गेले. वापरलेले यंत्र परत घेता येणार नाही, हे माझ्या विद्यार्थ्याने अदबीने सांगितले. चूक कशी झाली ते ऐकल्यावर मात्र त्याची अदब सुटली. "मॅडमजी, आपने तो मुझे एक मात्रा के पीछे फेल किया था!" उंच भांड्याचे यंत्र त्याने स्वतः घरी आणून दिले. दोन तोंडांचे माळ्यावर गेले.

त्या दिवशी मी नव्या यंत्रात अर्धी बालम ककडी, एक गाजर, पालकाची कोवळी पाने, दही, दाण्याचे कूट आणि अर्धी हिरवी मिरची घातली. मीठ घातले, लिंबू पिळले, वरून तुपाजिऱ्याची फोडणी दिली. यंत्र घाट चढल्यासारखे ओरडले, पण धागा एकही उरला नाही. जेवायची वेळ झाली. मी पेला खोलीकडे नेऊ लागले, तर वन्संच पुढे आल्या. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि ताटाच्या डाव्या बाजूला, जिथे कोशिंबीर वाढतात तिथे, नीट ठेवला. मऊ भाताचा एक घास, मग एक घोट. आम्ही जेवणे सोडून त्यांच्याकडे पाहत होतो. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"या खेपेला छान केलं नाहीत, वहिनी," त्या म्हणाल्या. "आणखी घाला."

आता वन्सं देवासला आहेत. यंत्र त्यांच्याबरोबर गेले. कवळी बसली आहे, पण सकाळचा पेला त्यांनी सोडलेला नाही. टेकडी अजून बाकी आहे. निघताना आमच्या तीन पायऱ्या मात्र त्या न थांबता उतरल्या. सूनबाईचा फोन येतो. "मामी, आज आईंना बीट पिसून... म्हणजे वाटून दिलं," असे ती अडखळत म्हणते, आणि मी तिला सांगते, पिसूनसुद्धा चालतं.

वन्संच्या त्या वाक्याचा अर्थ मात्र मी अजून त्यांना विचारलेला नाही. यजमान म्हणतात, विचारू नकोस, उत्तर ऐकवणार नाही. म्हणून वाचकांनाच विचारते: ते वाक्य मी मराठीत ऐकावे, की हिंदीत?