खुंट्यांच्या फळीमागे

वहिनी आमच्या घरी येऊन महिनाही झाला नसेल, तोच भावाच्या मानेवर लाल चट्टे उठू लागले. एका ओळीत, जणू कोणी टाचणीने टोचत गेले असावे. आई आधी डास म्हणाली, मग घामोळे म्हणाली. एका सकाळी चादर झटकताना तिला उशीजवळ वाळलेल्या रक्ताचे ठिपके दिसले. तिने लगेच वहिनीची माहेरची गादी उलटी केली. शिवणीत मोहरीहून बारीक काळे डाग होते, ओले बोट लावले की पसरणारे. एक ढेकूण पळताना सापडला. आईने तो चिरडला, तेव्हा तो उग्र, गोडसर वास खोलीभर झाला.

शेजारची काकू नेमकी विरजण मागायला आली होती. ती गुजराती. आमच्याशी मराठी बोले, पण सुनेला वहू, माहेराला पियर आणि ढेकणांना मांकडच म्हणे.

"अरे बाप रे, मांकड! नव्या वहूने पियरहून आणले काय?"

"नाहीतर कुठून?" आई म्हणाली. "आमच्या घरात आजवर एक ढेकूण दिसला नव्हता."

वहिनी दारातच उभी होती. तिचे वडील वाघोडियाला शाळामास्तर. ती गादी त्यांनी पिंजाऱ्याला अंगणात बसवून, डोळ्यांदेखत नव्या कापसाने भरून घेतली होती. वहिनीने तोंड उघडले, पण आई तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका आमच्या ओट्यावरून जाताना पदर सावरू लागल्या. दुसऱ्या दिवशी आईने ठरवून टाकले : गादीही वाघोडियाला जाईल आणि सूनही. "तुमचं घर स्वच्छ झालं की पाठवा, म्हणावं." लग्नानंतर महिन्याच्या आत मुलगी अंथरुणासकट परत आली, तर ढेकणांचे कोण विचारतो? मुलगी टाकली, एवढेच लोक म्हणतात. वहिनीच्या पाठच्या दोन बहिणींची लग्ने व्हायची होती.

भाऊ म्हणाला, "आईपुढे मी काय बोलणार?"

"चावलेत तुला. निदान कुठून चावलेत ते तरी बघ!" मी म्हणाले. तो कचेरीत निघून गेला.

वडीलही कामावर निघाले. ते जाणते, सुधारक मानले जात. स्त्रियांच्या उद्धारावरच्या चोपड्या आमच्या कपाटात मावत नसत. वडील त्या पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवत. आमच्या संस्थानच्या महाराजांनी मुलींनाही शाळा सक्तीची केली, म्हणून मी वाचायला शिकले होते. पोटभर भाकरी मिळावी तशा त्या चोपड्या मला मिळाल्या. त्या दिवशी मात्र वडील पायात जोडे घालत म्हणाले, "बायकांच्या कारभारात मी पडत नाही." त्या क्षणी मला त्या कपाटाचा संताप आला. ज्या घरात एका मुलीच्या बाजूने एक वाक्य निघत नाही, तिथे एवढी वाक्ये जमवून ठेवायची कशाला?

खोली धुवायची म्हणून सामान उन्हात काढले होते. मी रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. चट्टे मानेवरच का? भाऊ डोके भिंतीकडे करून झोपे. त्याच्या डोक्यावर खुंट्यांची लाकडी फळी होती. तिच्यावर वडिलांची दरबारात घालायची पगडी आणि अंगरखा. त्या वस्तूंना घरात कोणी हात लावत नसे. दिवाळीत चुना मारणाऱ्यानेही फळी न काढता कडेकडेने कुंचला फिरवला होता आणि फटीत चुना भरला होता.

मी सुरीचे टोक घातले. चुन्याची खपली निघाली. खाली दाट काळे डाग, कोंड्यासारखी पोकळ कात, फटीत चिकटलेली पांढरी अंडी. काही कात तर चुन्यातच रुतून बसली होती.

मी आईला हाक मारली. तिने बोट ओले करून डाग पुसला आणि बोटाचा वास घेतला.

"ह्याच्यावर चुना आहे, आई."

"दिसतंय मला."

"चुना दिवाळीचा. लग्न माघातलं."

"दिसतंय म्हटलं ना!"

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "फळी काढ. आधण ठेव. आणि हे बाहेर बोलू नकोस."

"गादीचं आळीभर झालं. हे का दडवायचं?"

"फार बोलतेस. त्या चोपड्यांनी डोकं फिरलंय तुझं."

मी आणखी बोलणार होते. पण दारात वहिनी होती, हातात बांधलेले बोचके. आवाज लहान होता, थरथरत नव्हता.

"आई, तुम्ही जा म्हणालात तर मी जाईन. पण वडिलांना काय सांगू ते आत्ता सांगा. ढेकूण आमच्या घरचे होते, असं मी म्हणणार नाही."

आईने स्वतः पगडी उतरवून माझ्या हातात दिली. आम्ही फळी परसात नेली आणि तिच्यावर उकळते पाणी ओतू लागलो. फटींतून ढेकूण बाहेर येत होते, थोडे नव्हेत. आईचा चेहरा बघवत नव्हता. तिने ह्या घरात सगळा जन्म झाडलोट करण्यात घालवला होता, हे मला तेव्हा आठवले. माझा राग गेला नाही. पण तिला आता काय बोलावे लागणार आहे, ते मला कळले.

कुंपणावरून काकूने मान काढली. "काय बेन, वहूची गादी गेली की नाही?"

आईचे हात थांबले. ती एवढ्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या परसातली धुणी थांबली.

"गादी राहील आणि सूनही राहील. मांकड आमचेच निघाले, काकू. आमच्या ह्यांच्या पगडीखाली होते. मी उगाच तिचं नाव घेतलं."

काकूने मान आत घेतली.

वहिनीने बोचके पायरीवर ठेवले, पदर खोचला आणि चुलीवरचे दुसरे पातेले उचलून आणले.

"सांभाळून," आई म्हणाली, "कड तापलीय."