मेंढ्या बसल्या होत्या, हे फॉर्ममध्ये नव्हतं

मागच्या गुरुवारी फुलंब्रीच्या पुढं एका बाजरीच्या शेतात माझी एक मोठी चूक उघडी पडली.

मी विद्यापीठाच्या एका प्रकल्पात शेतावरचा मदतनीस आहे. शिक्षण नववीपर्यंत. पुढं आबांबरोबर मेंढ्यांमागं फिरण्यात शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून जे काही लिहितो ते तीनदा तपासतो. शेतातल्या पाट्या लिहिताना ‘जिवाणू’ हा शब्द मी शब्दकोशात बघून लिहिला होता.

काम साधं होतं. कचरूमामांच्या शेतात बाजरीचे दोन शेजारशेजारचे तुकडे. एकात बियाण्याला जिवाणू खत लावलेलं, दुसऱ्यात नाही. दर आठवड्याला मी शहरातल्या क्रांती चौकातल्या खोलीवरून निघायचो, ताटांची उंची मोजायचो आणि वहीत लिहायचो. जिवाणूवाली बाजरी माणसाच्या डोक्यावर गेली होती, दुसरी जेमतेम छातीला.

गुरुवारी अकरा वाजता आसपासच्या गावांतले शेतकरी हा फरक बघायला येणार होते. मोठा दिवस… म्हणून मी आबांनाही बोलावलं होतं. आपला मुलगा नेमकं काय करतो हे त्यांनी एकदा बघावं, एवढंच मनात होतं.

आबा नऊलाच आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी ऐटीत पाट्या वाचून दाखवल्या. त्यांनी उंच बाजरीकडं बघितलं आणि म्हणाले, “इथं तर आपला वाडा बसला होता. वैशाखात. दोन राती.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पेरणीआधी शेतकरी रात्रीपुरता मेंढ्यांचा कळप शेतात बसवून घेतात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. त्यासारखं खत नाही, असं कोणीही जुना माणूस सांगेल. कळप रात्री जिथं बसतो त्याला आम्ही वाडा म्हणतो.

मी धावत कचरूमामांकडं गेलो. पेरणीच्या वेळचा फॉर्म मीच भरला होता. ‘शेणखत टाकले का?’ या प्रश्नापुढं माझ्याच सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं होतं.

“मामा, तुम्ही नाही म्हणाला होतात ना?”

“व्हय. तू इचारलं, शेणखत टाकलं का. म्या कुठं टाकलं? मेंढरं आली, बसली, गेली. त्यात माझं काय काम?”

मामांचं काहीच चुकलं नव्हतं. धनगराचं पोर असून मला मेंढ्यांचं विचारायचं सुचलं नाही, याचीच जास्त लाज वाटली.

घड्याळात साडेनऊ. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण दीड तासानं एवढे शेतकरी ती उंच बाजरी बघून जिवाणू खताच्या पाकिटावर भरवसा ठेवणार होते. पुढच्या वर्षी एखाद्यानं मेंढ्या बसवायचं सोडलं तर त्याच्या शेतात काय उगवणार? आणि बोललो तर प्रकल्प चालवणाऱ्या मॅडमची सगळ्या हंगामाची मेहनत पाण्यात, शिवाय माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपतेय…

मॅडम जीपमधून उतरताच सांगून टाकलं. फॉर्म मी भरला होता, हेही सांगितलं. त्यांनी आबांकडं वळून विचारलं, “वाडा कुठून कुठपर्यंत होता, दाखवता येईल?”

आबा पुढं, आम्ही मागं. बांधावरच्या बोरीपासून काठी टेकवत निघाले. जिवाणूवाल्या तुकड्याचा एक कोपरा त्यांनी बाहेर ठेवला आणि दुसऱ्या तुकड्यात सात-आठ पावलं आत शिरले. “हितवर. पुढं नाय.”

मी मान वर केली. बाहेर राहिलेल्या कोपऱ्यातली बाजरी छातीएवढीच होती. आणि दुसऱ्या तुकड्यातला तो पट्टा डोक्यावर गेलेला होता, जिवाणू न लावता. या पट्ट्यापुढं मी दर आठवड्याला वहीत लिहीत आलो होतो, ‘मोजण्यात चूक असावी.’ मोजण्यात चूक नव्हतीच.

कोपऱ्यातली बाजरी मोजून मेंढ्या न बसलेल्या, जिवाणू न लावलेल्या बाजरीशी ताडली. जिवाणूमुळं फरक होता, पण उन्नीस-बीस.

शेतकरी आले. मॅडमनी माईक घेतला आणि सरळ सांगितलं की आज निकाल सांगणार होतो, पण तो चुकलाय. का चुकला ते दत्ता सांगेल. मी सांगितलं… पहिली दोन वाक्यं अडखळलो, मग नाही अडखळलो. जे घडलं तेच सांगायचं होतं.

मागून एक जण म्हणाला, “म्हणजे इद्यापीठानं हंगामभर मेंढरांचं माप काढलं म्हणा की.”

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग लोकांनी आबांनाच घेरलं. “पाव्हणं, किती मेंढरं?” “आमच्याकडं कधी येता?” जिवाणूच्या पाकिटाचंही विचारलं, पण आबांनंतर.

पुढच्या वर्षी तीन तुकडे होणार आहेत. तिसऱ्यात आबांचा वाडा बसेल, मोजून-मापून. नेमणुकीचं काय, असं विचारायचा धीर मला होत नव्हता. मॅडमच म्हणाल्या, “नवा फॉर्म तूच लिहून आण. पुढच्या वर्षी भरायचाही तुलाच आहे.”

रात्रीपर्यंत कशाला थांबू… तिथंच बोरीखाली बसून लिहिला. ‘पेरणीपूर्वी शेतात मेंढ्या बसवल्या होत्या का? किती रात्री?’ तीनदा तपासला. आबांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कुठून कुठवर, ते बी लिही.”

लिहिलं. त्या फॉर्मवर माझ्या हातचे आता तीन प्रश्न आहेत, आणि सगळ्यात कामाचा प्रश्न आबांचा आहे.