मथुरा आणि उमा

१२ मार्च. आत्याचे टेनिसचे पाच पितळी कप चिंचेने घासायला घेतले. तीन कपांवर कुमारी मथुरा, दोन कपांवर सौभाग्यवती उमा. जिमखान्याच्या विजेत्यांच्या फळ्यावरही तसंच आहे. तिथे नव्या मुलींना सांगतात, की मथुराला पुढे उमाने हरवलं.

हे आत्याला सांगितलं, तर ती हसली. "मला कोण हरवणार गं? लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीने उमा लिहिलं, एवढंच. नऊवारी तीच, रॅकेटही तीच."

लहानपणी मी तिला कासोटा घट्ट करून नेटकडे धावताना पाहिलंय. चेंडू आधी पोचायचा की आत्या, कळायचं नाही. तेव्हाच्या कितीतरी बायका अशा अर्ध्याअर्ध्या नोंदल्या गेल्या असतील. नव्वदीच्या आत्याला एवढंच हवंय, की पाचही वेळा जिंकलेली बाई एकच, हे फळ्यावर दिसावं. फळा सध्या रंगवायला काढलाय.

१३ मार्च. सकाळी जिमखान्यात जाऊन सेक्रेटरींना सगळं सांगितलं. त्यांना पटलं. "मग पाचही ओळींत नाव कोणतं घालायचं?" त्यांनी विचारलं. मी आत्याला फोन लावला.

"मथुरा लिहा म्हणावं," ती म्हणाली. "खेळायला शिकली ती मथुराच."