पाद्रीभाऊंचा खांदा

पाद्रीभाऊंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता. रविवारी पांढरा झगा घालून ते चर्चमध्ये उभे राहिले, की झगा एका बाजूने जमिनीला टेकायचा आणि दुसऱ्या बाजूने बूट उघडे पडायचे. शिंप्याने एकदा झगा नीट करून देतो म्हटलं, तर म्हणाले, "झग्याला कशाला बोल लावतो? वाकडा मी झालोय."

हा खांदा डोलीने खाली आणला होता. जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीत मी शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा तिथे रस्ता नव्हता. मी अवसरी बुद्रुकचा, दारात ट्रॅक्टर येणाऱ्या मुलखातला. कुणी आजारी पडलं की जाड बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणसाला निजवायचं आणि खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. त्या पहिल्याच डोलीच्या पुढच्या टोकाला चष्मेवाला, पँट पोटरीपर्यंत दुमडलेला एक गृहस्थ होता. हे जुन्नरच्या चर्चचे पाळक, असं कुणी सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही.

वाडीत ख्रिस्ती घर एकही नव्हतं. दवाखान्यात कुणाला तरी भेटायला गेले असताना त्यांनी डोलीतून आलेला एक म्हातारा पाहिला होता, आणि पुढच्याच आठवड्यात ते वाडीत हजर झाले. डोलीसाठी माणसं गोळा करायचे ते धोंडूमामा. तोंडाने फटकळ. त्यांनी सरळ विचारलं, "पावणं, बाटवाय आलाय का?"

"धर्म बदलाय न्हाई आलो राव. तुमचा खांदा दुखला की बदलाय आलोय."

धोंडूमामा हा किस्सा दर दिवाळीला सांगायचे आणि दर वेळी तितकेच हसायचे. चर्चमधले पाळकसाहेब वाडीत पाद्रीभाऊ झाले ते तेव्हापासून.

डोली चालू असताना भाऊंची बडबड थांबत नसे. आजाऱ्याला बैलाचं नाव विचार, जावयाच्या तक्रारी ऐक, बेल्ह्याच्या बाजारात आपण कसे फसलो ते सांग. "माणूस बोलतंय तवर आपल्यात हाय," म्हणायचे. खाली गाडीत माणूस चढवला, की मगच चहा घ्यायचे आणि मगच खांदा दुखतोय म्हणायचे. त्यांचं एक बोलणं वाडीत लहान पोरांनाही पाठ होतं: "मेलेल्याला खांदा द्याय सगळं गाव येतं. जित्याला द्या."

पण खांद्यावर भागणार नाही, हे त्यांनाच सगळ्यांत आधी कळलं होतं. रस्त्यासाठी त्यांनी तालुक्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, उपोषणाला बसले, जंगलाच्या जमिनीच्या परवानगीसाठी भांडले. चर्चमधली मंडळी कुरकुरायची, की पाळकसाहेब आमचे की डोंगराचे? शेवटी एकदाचे रस्त्याचे साहेब पाहणीला आले. वर चढून येईपर्यंत त्यांना चांगलाच दम लागला होता. भाऊंनी अगदी अदबीने डोली पुढे केली. "साहेब, उतरताना बसा हिच्यात. रस्ता पाहिजे का न्हाई, ते निजून लवकर कळंल."

साहेब हसत बसले. दुसऱ्या वळणावर त्यांनी खालची दरी पाहिली, आणि "थांबा, थांबा" करत उतरून पायी चालू लागले. आम्ही हसू दाबत होतो. भाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमाला उतरता आलं. अडलेल्या बाईला उतरता येत न्हाई."

रस्ता व्हायला पुढे बरीच वर्षं गेली, पण झाला. पहिली जीप वाडीत आली तेव्हा भाऊंनी खांदा चोळत धोंडूमामांना सांगितलं, "आता ह्याला पेन्शन द्या."

गेल्या पावसाळ्यात पाद्रीभाऊ गेले. जुन्नरला चर्च भरून माणसं बाहेर पावसात उभी होती. पार निरगुडसरहून लोक आले होते. वाडीचं मात्र कुणी नव्हतं. शवपेटीला पुढचा खांदा धोंडूमामांचा, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांचा फोन लागेना. पेटी उचलली, तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "ज्यांच्यासाठी खांदा झिजवला, त्यांनाच सवड नाही." मला राग आला, आणि मी पुन्हा एकदा धोंडूमामांना फोन लावून पाहिला.

माती देऊन झाली, लोक पांगू लागले आणि दफनभूमीच्या फाटकातून धोंडूमामा आले. मागे वाडीतली सात-आठ माणसं, गुडघ्यापर्यंत चिखल.

"गुरुजी, पहाटं दरड आली, रस्ता बंद. आमी इकडंच निघालो व्हतो, तर शेजारची सून अडली. गाडी दरडीच्या पल्याड. मग डोली बांधली."

"आणि ती?"

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

पुटपुटणारे गृहस्थ बाजूला झाले आणि त्यांनी वाट करून दिली. असा माणूस आपल्याला भाऊ म्हणून लाभला, या अभिमानाने मला भर पावसात हुंदका आला. धोंडूमामांनी मूठभर माती टाकली, आणि एरवी फटकळ असलेला तो म्हातारा खाली वाकून हळूच बोलला:

"भाऊ, तुमाला खांदा द्याय जमलं न्हाई. तिकडं जितं माणूस व्हतं."