मेंदीच्या कुंपणातली हरळी

परवा दौंडच्या घराच्या अंगणातली हरळी उपटली आणि ओल्या मुळांचा वास हाताला लागला. त्या वासानं मला थेट निमोण्याच्या शेताच्या बांधावर नेलं.

दत्ता, माझा पहिला नवरा, निमोण्याचाच; रांजणगावला कंपनीत होता. एका पावसाळ्यात त्यानं शेताला मेंदीचं कुंपण लावलं आणि महिन्याभरातच ड्युटीवरून येताना अपघातात गेला. आम्ही घरात बसून राहिलो, तिकडं कोवळी रोपं गवतात बुडाली. एका सकाळी सासऱ्यांनी, आबांनी, माझ्या हातात खुरपं दिलं.

"चल. त्यानं लावलेलं हाय. मरू द्यायचं न्हाई."

दोघं शेजारी बसून खुरपत होतो. आबांची नजर अधू. त्यांच्या हातून हरळीबरोबर मेंदीचं एक रोपही उपटून आलं. ते तळहातावर घेऊन आबा हुंदके देत रडले. मी रोप परत लावलं, माती दाबली.

मग खाली बघतच ते म्हणाले, "पोरी, तू माहेरी जा. दुसरं घर कर."

"मी नकोशी झाले व्हय, आबा?"

ते खुरपं घेऊन पुढच्या रोपाकडं सरकले.

तेव्हा वाटलं, हे मला घराबाहेर काढतायत. आता माझी मुलगी माझ्या तेव्हाच्या वयाची झाली, तेव्हा कळतं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात बोलायला उरलेलं एकच माणूस त्यांनी आपणहून पाठवून दिलं होतं.

दौंडला माझं दुसरं लग्न लागलं, तेव्हा आबा माहेरच्यांच्या मागं उभे होते. अक्षता टाकल्या आणि न जेवताच एसटीनं परत गेले.