वाटीखालचा उंडा

मी देश सोडला तो फॅक्टरीच्या गेटवरून. लोक विमानतळाची गोष्ट सांगतात, काचेपलीकडून हात हलवल्याची. मला विमानतळ फारसा आठवत नाही. आठवतात ते लोखंडी गज, आणि गजांच्या पलीकडे चार हात लांब उभे असलेले बाबा.

बांगलादेशच्या लढाईचं वर्ष होतं ते. लढाई अजून पेटायची होती, पण जबलपूरजवळच्या रांझीतल्या आमच्या क्वार्टरांना ती आधीच कळली होती, कारण दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या होत्या. मुलगी विलायतेला चालली, स्टेशनवर पोचवायला जाऊ द्या, असं बाबांनी साहेबांना विचारून पाहिलं. साहेबांनी नुसती नकाराची मान हलवली. मग आईच म्हणाली, "चल, गेटवरच भेटून घेऊ. त्यांना निघता येत नाही, आपले पाय तर मोडले नाहीत ना?" सायकलरिक्षात एक ट्रंक, एक होल्डॉल, आई आणि मी. मागून सायकलवर दादा, माझा मोठा भाऊ, जो मला मुंबईपर्यंत सोडणार होता. नवरा लग्न झाल्यावर पंधरवड्यातच इंग्लंडला आपल्या कामावर परत गेला होता. त्याचा चेहरा नीट आठवायला मला फोटो काढून बघावा लागे.

दरबान ओळखीचा होता. "जल्दी निपटाओ बिटिया, साहब राउंड पे हैं," म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. बाबा भराई सेक्शनला होते, म्हणजे तोफगोळ्यांत बारूद भरायच्या खात्यात. तिथं आत जाताना काडेपेटी, बिडी, चिल्लर सगळं गेटवर ठेवायचं, अंगावर तिथलेच कपडे घालायचे, बुटाला खिळा नको. त्या कपड्यांत बाहेर यायची परवानगी नव्हती, म्हणून ते आतच थांबले. बारुदीनं तळहात नेहमीसारखे पिवळेजर्द. बाबांची हळद बारमाही, असं आम्ही चिडवायचो. मी पाया पडायला गजांतून हात घातला तर ते झटकन मागे सरले.

"हात लावू नको बेटा. अंगावर बारूद आहे."

त्यांनी लांबूनच माझ्या डोक्याच्या उंचीला हात धरला, हवेत. "घाबरायचं काम नाही," म्हणाले, "पोटभर जेवत जा." झालं. एवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. मी रडायला लागले तशी आई म्हणाली, "काहून रडून राहिली? तिकडं का वाघ बसले आहेत?"

वाघ असते तर बरं. मी जन्माची भित्री. आमच्या घरात हिंमत दादाच्या वाट्याला आली, बोलणं आईच्या, आणि भीती सगळी माझ्या. रिक्षा स्टेशनकडे निघाली तेव्हा इंग्लंडची धास्ती होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. बाबांचा हात माझ्या डोक्याला लागला नव्हता. तो आता परत कधी लागेल का, हाच विचार अख्ख्या प्रवासात माझ्या मानगुटीवर बसला होता.

काय भीती होती ते सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. आमच्या क्वार्टरांत घड्याळ शोभेला असायचं, संसार चालायचा भोंग्यावर. सकाळचा भोंगा झाला की डबा, संध्याकाळचा झाला की तवा. पण एक तिसरा भोंगा होता, खालीवर होत रडणारा, लांब. तो धोक्याचा. पासष्टच्या लढाईत एका संध्याकाळी तो वाजला. आई पोळ्या करत होती. रांगेतल्या सगळ्या बायका होत्या तशा गेटकडे धावल्या, कुणाच्या पायात चप्पल नाही, कुणाच्या हाताला पीठ. आत काय झालं कुणी सांगेना. सारख्या एकच म्हणत होत्या, "हे भगवान, भराई नको, भराई नको." शेवटी कळलं, मागच्या मैदानातलं वाळलेलं गवत पेटलं होतं. माणसं धडधाकट बाहेर आली. आई घरी आली, परातीत कणकेचा एकच उंडा उरला होता, तो तिनं लाटला आणि बाबांना गरम पोळी वाढली. त्या दिवसापासून तिनं नेम धरला. कणकेचा शेवटचा उंडा वाटीखाली झाकून ठेवायचा, आणि बाबांची सायकल दारात टेकली की मगच तो लाटायचा. माणूस बाहेर असताना परात रिकामी करायची नाही. हळूहळू सगळी रांग तसंच करायला लागली. ओव्हरटाइमच्या दिवसांत तुम्ही कुणाच्याही घरात डोकावा, परातीत एक उपडी वाटी दिसणारच.

मी ज्या गावात येऊन पडले ते उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं गाव. आमचे हे तिथं एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर होते. घरं एका रांगेत, एक झाकावं नि दुसरं काढावं अशी. मी पहिल्या दिवशी म्हणाले, "अहो, हे तर क्वार्टरच!" दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीचा भोंगा झाला आणि मी दचकून उठून गॅस पेटवला. हे हसायला लागले, "अगं झोप, ती आपली शिफ्ट नाही." पण मला तो भोंगा ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. बाकी सगळ्याची भीतीच वाटे. दुकानातल्या बाईची भीती, कारण ती काय विचारते कळत नसे. बसची भीती, दार वाजण्याची भीती, चार वाजताच पडणाऱ्या अंधाराची तर सगळ्यांत जास्त. हे कामावरून येईपर्यंत मी उंडा झाकून ठेवायची. वाटी नव्हती, मग चहाचा कप उपडा घालायची.

डिसेंबरात लढाई पेटली. रेडिओवर नुसती विमानं आणि बॉम्ब. ह्यांनी नकाशा उघडून दाखवला, "जबलपूर बघ किती आत आहे. इतकं कोण येतं?" नकाशाला काय कळतंय! तोफगोळे कुठं बनतात हे दुश्मनाला माहीत नसेल? लहानपणी आम्ही पोरं ऐटीत सांगायचो, दुश्मनाला पहिलं आपलंच गाव पाहिजे. ती ऐट आता घशात अडकली. आणि बॉम्बच कशाला पाहिजे? दिवसरात्र ओव्हरटाइम, दमलेले हात, एक ठिणगी पुरे. रांझीत कुणाकडे फोन नव्हता. पत्रं थांबली होती. मी रोज दाराच्या फटीकडे बघत बसायची, आणि पोस्टमन पुढच्या घरी निघून जायचा.

मग मी जे केलं त्याला ह्यांनी पुढं आयुष्यभर हसायचं ठरवलं होतं. हे कामावर गेल्यावर मी मैद्याची खळ शिजवली, खाकी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि घरातल्या एकूण एक काचेवर फुल्या चिकटवल्या, बॉम्बच्या हादऱ्यानं काचा उडू नयेत म्हणून पासष्टला चिकटवल्या होत्या तशा. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून वर घोंगडी लावली. सगळं गाव नाताळचे दिवे लावत होतं आणि आमचं घर काळंठिक्कर. मला वेड लागलं नव्हतं बरं का. लढाई इथं नाही हे मला समजत होतं. पण ते तिकडं अंधारात बसलेत आणि मी इथं दिवे लावून बसू, हे काही हातून होईना.

अशाच एका दुपारी अंधारून आलेलं, मी कणीक मळत होते आणि तो वाजला. गिरणीचा नव्हे. तिसरा. खालीवर होत रडणारा, लांब. हुबेहूब तोच. विचारबिचार काही केला नाही. गॅस बंद, दिवा बंद, आणि मी टेबलाखाली. कणकेच्या हातांनी कान दाबून बसले आणि मोठ्यानं म्हणत होते, "भराई नको, भराई नको."

मागचं दार उघडलं. शेजारची मिसेस डॉसन. साठीची विधवा बाई, गुडघ्यांनी अधू, आमचं बोलणं "गुड मॉर्निंग"च्या पुढं गेलं नव्हतं. काचांवरच्या फुल्या तिला रस्त्यावरून दिसल्या होत्या आणि त्या कशासाठी असतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. टेबलाचा पाय धरून, कण्हत कुथत ती खाली बसली आणि माझ्याजवळ सरकली. माझा चिकट हात हातात घेऊन भोंगा थांबेपर्यंत बसून राहिली. मग सावकाश, मला कळेल असं सांगितलं. आग विझवणाऱ्यांना बोलवायला वाजवतात. मागच्या महायुद्धातलाच जुना भोंगा आहे, अजून वापरतात. कुणाचं तरी धुराडं पेटलं असेल.

माझं इंग्रजी फाटकं. मी म्हणाले, "माय फादर. फॅक्टरी. ही फिल्स बॉम्ब्स." आणि कसं सांगावं कळेना म्हणून डब्यातली हळद बोटावर घेऊन तळहाताला चोळून दाखवली. "हिज हँड."

मग तिनं आपले दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले, सुरकुतलेले, पांढरेफटक. मागच्या मोठ्या लढाईत ती पण तेच करत होती. तरुणपणी, इथल्याच एका कारखान्यात, गोळे भरायची. "यलो," म्हणाली, "जस्ट लाइक युवर डॅड." पुढं ते हात धुऊन धुऊन कधी पांढरे झाले हे तिलाही कळलं नाही, एवढं मला समजलं.

बारूद भरलेली आणि म्हातारी झालेली बाई मी पहिल्यांदा बघत होते. असंही होतं तर! मी काय केलं असेल? तिचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. का, ते तिला कळलं नसणार. पण तिनं तो काढला नाही.

लढाई संपल्यावर दादाचं पत्र आलं. सगळे खुशाल, बाबांना ओव्हरटाइम फार, आईचा खोकला बरा. मी ते वाचलं आणि दिवसभर काचांवरची खळ खरवडत बसले.

मला परत जायला बरीच वर्षं लागली. कडेवर मुलगा होता, बाबा रिटायर झाले होते. क्वार्टर सोडून ती दोघं जबलपुरातच चेरीतालला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. तिथं भोंगा ऐकूसुद्धा येत नसे. बाबा स्टेशनवर आले होते. मी वाकले तर म्हणाले, "आता लाव हात, आता धुतलेत," आणि डोक्यावर हात ठेवला तो ठेवलाच. मागून हमाल ओरडत होता, "चलो भैया, रास्ता दो!"

संध्याकाळी आई पोळ्या करत होती. बाबा समोरच नातवाला मांडीवर घेऊन मटार सोलत बसले होते. माझं लक्ष परातीकडे गेलं. वाटी.

"अगं आई, बाबा तर घरीच आहेत. हा कोणासाठी?"

"काहून? तू कुठं होतीस घरी?" तिनं मान वर केली नाही. "सवयीनं आजही झाकला पाहा."

"रोज ठेवते?"

"रोज नाही तर काय सणासुदीला? ज्याचं माणूस बाहेर, त्याचा उंडा राहते. मग भाजून गाईला घालते."

वाघ बसले आहेत का म्हणणारी ही बाई! मी समजत होते की घाबरायचं काम माझ्याकडे आहे, मी तिकडं बसून आईबाबांसाठी जीव मुठीत धरते आहे. आणि इथं ही रोज संध्याकाळी माझ्यासाठी तेच करत होती, जे बारुदीतल्या माणसासाठी करायची. तिच्या लेखी विलायत म्हणजे भराई सेक्शनच होता. तिनं वाटी उचलली, उंडा लाटला, तव्यावर टाकला. मला गरम पोळी दिली, वर तूप, आणि परात घासायला घेतली. "चलो," म्हणाली, "आज परात झाली रिकामी."

बाबा गेले, मिसेस डॉसन गेली, हेही गेले. आई सगळ्यांत शेवटी. दादाचा फोन आला तेव्हा मी पोळ्याच करत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की आज जबलपुरात माझा उंडा कुणी झाकला नसेल. जन्मभर मी हजार गोष्टींना भ्यायले, पण तसं भय कधी वाटलं नव्हतं. आता माझ्यासाठी घाबरणारं कुणी उरलं नव्हतं.

तिकडं राहिलेले विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं तुझं? आणि माझ्यासारखे निघून आलेले तर आपापसांत तेच विचारत बसतात. मला मोठं उत्तर देता येत नाही. माझा मुलगा कॅनडात असतो. सांगून सांगून थकला, "आई, मी बरा आहे गं, घाबरू नको." मी हो म्हणते, फोन ठेवते आणि परातीतल्या शेवटच्या उंड्यावर वाटी पालथी घालते. इथं गाय कुठून आणू? झोपायच्या आधी तो भाजून मीच खाते.