हरले ते, घमेलं आमच्या हाती

क्लबाच्या सेक्रेटरीनं चुन्याचं घमेलं माझ्या मायच्या पुढ्यात पायानं सरकवलं. हातानं नाही. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, नवेकोरे. त्याच बुटाच्या टोकानं. थोडा चुना सांडला. सांडलेल्या चुन्याकडे बघत तो म्हणाला, "चला, फक्की मारून घ्या पटकन. पाहुणे येतील आता. तुमच्या लोकांना सवय आहे."

माय पांढरं लुगडं नेसून आली होती. नवं नव्हतं, पण नीळ घालून धुतलेलं. ती सामना बघायला आली होती. तिचा लेक, माझा दादा, आमच्या वस्तीच्या संघाचा कप्तान होता आणि आज फुटबॉलची फायनल होती. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला हा क्लब. कोळसा खाणीकडचे एक साहेब खेळाडू निवडायला येणार होते. त्यांच्या संघात घेतलं की खाणीत कायमची नोकरी. दादाचं नाव त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. आज तो खेळला की झालं, असं अख्खी वस्ती म्हणत होती.

आणि माय वाकली. घमेलं उचलायला वाकली.

त्या वाकण्याची चीड मला आजही येते. मायची नाही. तिच्या पाठीला ती सवय लावणाऱ्यांची. माझ्या आज्यानं बौद्ध झाल्यावर गावकीची कामं टाकली आणि गाव सोडून आदिलाबाद गाठलं, ते असं कुणाच्या बुटापुढं वाकायला नाही.

फक्की म्हणजे चुन्याची पूड. मैदानाच्या कडा आणि गोलापुढचा चौकोन तिनं आखायचा. काम घाणेरडं. नाकातोंडात जातं, हाताची कातडी फाटते. म्हणूनच जुन्या मोकळ्या मैदानावर त्याची एक रीत पडली होती. दोन संघ पुन्हा समोरासमोर आले की मागच्या वेळी जे हरले, त्यांच्या बाजूच्या लोकांनी फक्की मारायची. खेळाडूंनी नव्हे, बघ्यांनी. संघ हरला म्हणजे आपणही हरलो, हे भर उन्हात सगळ्यांसमोर कबूल करायचं. जिंकलेल्यांनी बांधावर बसून टिंगल करायची. यात बाया, म्हातारे, सगळे आले.

शेजारच्या मोहल्ल्याचा संघ हा आमचा खरा वैरी. त्यांच्यातला गफूरमामू सायकली दुरुस्त करायचा. म्हातारा, पण जिभेला धार. आम्ही हरलो की मामू बांधावरून ओरडायचा, "ये लकीर है की नाला?" ते हरले की तोच मामू लुंगी खोचून घमेलं घ्यायचा, आणि मग आम्ही बाया त्याला सोडत नव्हतो. "मामू, चश्मा घरी राह्यला काय?" भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, एकदा कुणाची तरी छत्री मोडली. पण फक्की कुणी टाळली नाही.

हा क्लबही तेव्हा तिथंच खेळायचा. क्लबाचं नाव मी घेत नाही. नाव घ्यावं एवढा तो मोठा नव्हता. वकील, बँकेतले, कापसाचे व्यापारी, कचेरीतले साहेब. बरीच आपलीच मराठी बोलणारी माणसं, फक्त ती आमच्याशी बोलताना हिंदीत बोलायची, काम सांगताना आणि हिणवताना मात्र मराठीत. चेंडू पायानं मारतात, एवढी त्यांना फुटबॉलची माहिती. एकदा मोहल्ल्याच्या पोरांनी त्यांना धू धू धुतलं. पुढच्या खेपेला बँकेच्या कॅशियरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फक्की मारलेली मी या डोळ्यांनी बघितली आहे. शिंकत शिंकत मारली, पण मारली. तेव्हा मैदानाला दार नव्हतं.

मग सरकारनं तिथं स्टेडियम बांधलं. आंध्र प्रदेशचं सरकार, पैसा सरकारी, म्हणजे तुमचा, माझा, सगळ्यांचा. माती वाहायला वस्तीतल्या बाया होत्या. माय होती. सुटीत मीही जायची. पायऱ्या झाल्या, भिंत झाली, लोखंडी दार झालं. उद्घाटनाची भाषणं तेलुगूत आणि उर्दूत झाली, टाळ्या आम्ही मराठीत वाजवल्या. तामसी गावाकडून बस भरभरून लोक आले होते. आपल्या जिल्ह्याला स्टेडियम झालं म्हणून आम्ही खुळ्यासारखे नाचलो.

चुना वाळायच्या आत ते क्लबाच्या ताब्यात गेलं. "देखभालीसाठी." कलेक्टर कचेरीतून मंजुरी आली म्हणे. देखभाल! लग्नाचे मांडव घालून गोलापुढं खड्डे पाडले, ही देखभाल. संध्याकाळी साहेब लोक पोट उतरवायला फेऱ्या मारायचे. मैदान झिजलं, पोटं तशीच राहिली. आमच्या पोरांना सरावाला दार उघडत नव्हतं. का, तर म्हणे गवत खराब होतं. म्हशीला गवत लागतं हे मला माहीत होतं. क्लबालाही लागतं हे तेव्हा कळलं.

एकदा आम्ही तक्रार घेऊन गेलो. आम्ही आणि मोहल्ल्याचे, जन्माचे वैरी, पहिल्यांदा एका बाजूला उभे. मामूनं विचारलं, "साब, मॅच के दिन हमारे लोगां बैठते कहाँ?" मी तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते, मला वाटायचं नीट विचारलं की नीट उत्तर मिळतं. मी विचारलं, सामन्याच्या दिवशी चावी कुणाकडे राहील, पंच कोण नेमणार, दोन्ही बाजूंचा माणूस नको का? सेक्रेटरी हसला. बाकीचेही हसले, तो हसला म्हणून. "बाई, तुम्ही बघायला या की. मैदान काय पळून जातंय?" मग आमच्यासमोरच त्यांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

बरं, क्लब खेळात कसा? त्याच स्टेडियममध्ये, त्यांच्याच पंचाच्या शिट्टीवर, साखळीच्या सामन्यात वस्तीनं त्यांना हरवलं. दादानं दोन्ही गोल केले. त्या दिवशी त्यांची तोंडं बघायला हवी होती, एरंडेल प्यायल्यासारखी. फायनलला पुन्हा तेच आणि आम्ही. म्हणजे फक्की कुणाची? क्लबाची. यात विचारायचं काही नव्हतं. घरून निघताना आम्ही बाया त्यावरून हसत होतो. वकीलसाहेब फक्की मारतील, आपण पायऱ्यांवर बसून बघू.

दारावरच्या तेलुगू पहारेकऱ्यानं काठी आडवी घातली. "ए, आगू!" थांबा, म्हणाला. मग मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. क्लबाच्या लोकांना पुढचं दार, आम्हाला टाकीकडचं. आत पायऱ्यांवर शामियाना, खुर्च्या, खाली जाजम. आमच्यासाठी आणि मोहल्ल्यासाठी गोलामागं दोरी बांधलेली, उन्हात, गुरं बांधावीत तशी. ज्या पायऱ्यांची माती मायच्या डोक्यावरून गेली, त्या पायऱ्यांवर तिला चढता येणार नव्हतं. तरी आम्ही गप्प बसलो. दादासाठी. आजचा दिवस जाऊ द्या, असं एकमेकींना सांगत होतो.

मग सेक्रेटरी दोरीपाशी आला, आणि ते घमेलं आलं.

मायनं घमेलं कंबरेपर्यंत उचललं होतं. मी म्हणाले, "माय, ठेव ते खाली."

"राहू दे वो पोरी. दादाचा खेळ हाय आज."

मी सेक्रेटरीकडे वळले. "मागच्या खेपेले कोण हारलं?"

"काय?"

"तुमी हारले. फक्की तुमची हाय."

"ते जुन्या मैदानावरचं. इथं क्लबाचे नियम."

"क्लबाचं काय हाय इथं? कुलूप हाय. तेवढंच."

तो लाल झाला. माझ्याशी बोलणं त्यानं सोडलंच. दादाला हाक मारली. दादा बूट बांधत होता, धावत आला. "कॅप्टन, बहिणीला समजाव. फक्की नाही तर सामना नाही. खाणीचे साहेब निघालेत, तुला माहीत आहे ना?"

दादानं माझ्याकडे बघितलं, मग घमेल्याकडे. "मारतो साहेब. मी मारतो. घडीभराचं काम हाय."

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. मैदान त्यांनी घेतलं, पायऱ्या घेतल्या, सावली घेतली. ते सगळं आम्ही गिळलं होतं. आता त्यांची हारसुद्धा ते आमच्या अंगावर टाकत होते. त्यांना हरायचंही नव्हतं. हरले ते आणि हात फाटायचे आमचे. आणि माझा दादा, ज्यानं त्यांना हरवलं, तोच "मारतो साहेब" म्हणत होता. आज हे घमेलं आमच्यातल्या कुणीही उचललं असतं, तर पुढं जिंकूनही आम्ही हरलेलेच राहिलो असतो.

मी मायच्या हातातून घमेलं घेतलं. दोरीखालून निघाले. मैदान ओलांडलं, पायऱ्या चढले, आणि शामियान्यात पहिल्या रांगेपुढं, जाजमावर, ते ठेवलं. हातानं ठेवलं. एका बाईनं साडी सावरून पाय मागं घेतले. तिच्या शेजारी तोच कॅशियर बसला होता, पँट दुमडून फक्की मारणारा. मी त्याला म्हणाले, "साहेब, तुमाले येते." त्यानं झाड बघावं तसं बाजूला बघितलं. तिथं झाड नव्हतं.

माणसाची लाज कुठं जाते? मोकळ्या मैदानावर होती त्याच्याकडे. खुर्ची मिळाली आणि गेली.

एकही हात घमेल्याकडे आला नाही. सगळा शामियाना त्या चुन्याकडे विंचू बघावा तसा बघत होता. एवढे शिकलेले, एवढे धुतलेले, आणि मूठभर चुन्याला भ्याले. सेक्रेटरी ओरडला, "बाहेर काढा यांना! संघ बाद!" आमच्या बाजूनं कुणी काही बोलायच्या आत गोलामागून मामूचा आवाज आला. "चलो रे सब. हारे सो लोगां चूना नहीं डालते तो हम काहे कू बैठे?" मामू उठला. मोहल्ला उठला. दोरी कुणी सोडली नाही, ती पायाखाली तुडवली गेली. वस्ती उठली. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो. पहारेकऱ्यानं काठी बाजूला घेतली, एवढी गर्दी बघून.

दादा मात्र तिथंच उभा होता. भल्या मोठ्या मैदानात एकटा, जर्सी घातलेला. संघातली पोरं त्याला हाका मारत होती. मग तोही निघाला. माझ्या बाजूनं गेला, माझ्याकडे न बघता.

क्लबानं मग काय केलं? आपलेच दोन संघ केले आणि आपसात खेळले. रेघा नसलेल्या मैदानावर, बघायला नोकर आणि बायका. जिंकले तेही तेच, हरले तेही तेच. चषक घेऊन फोटो काढला. खाणीचे साहेब उशिरा आले, जेवले, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून क्लबातल्या एका पोराला निवडून गेले. तो नोकरीवर गेलाच नाही. त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं, त्याला खाण कशाला?

आमच्या दादाला हवी होती. दादा जिनिंगमध्ये लागला. कापसाच्या धुळीत. फुटबॉल सोडला. वस्तीतले एक नोकरदार काका घरी येऊन म्हणाले, "थोडं वाकलं असतं तर पोराचं भलं झालं असतं." मायनं त्यांना पाणी दिलं. मी दिलं नसतं. आपल्यातलाच माणूस खुर्चीत बसला की त्याला वाकवायला आपलीच पाठ सगळ्यात आधी दिसते, हे मी त्या दिवशी शिकले. क्लबावर माझा जेवढा राग, तेवढीच या काकावर कीव.

दादा माझ्याशी बोलत नव्हता. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढं बोलायचा. मी मास्तरीण झाले, लग्न झालं, माहेरी आले-गेले, तरी तेवढंच. मग एकदा जिनिंगमधून आला, भुवयांवर कापूस, खोकत. जेवायला बसला. ताटातून मान वर न करता म्हणाला, "तुले माहीत होतं ना, माह्या नोकरीचं?"

"माहीत होतं."

"तरी केलं."

"केलं."

माय चुलीपाशी थांबली. तिचा हात तव्यावर तसाच राहिला. दादानं घास खाली ठेवला. "पुन्हा तसंच झालं तर?"

मला त्याचा खोकला ऐकू येत होता. त्याचं काय गेलं ते मला माहीत होतं, आणि ते मी कधीच भरून देऊ शकणार नव्हते. मला रडू आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. माफी मागितली असती तर मायला बरं वाटलं असतं. पण ती नोकरी मी घेतली नव्हती. ज्यांनी घेतली ते अजून संध्याकाळी त्या मैदानात फेऱ्या मारत होते. त्यांच्या वाटणीची माफी मी मागणार नव्हते.

"पुन्हा करीन," मी म्हणाले. "माह्या लेकराचा खेळ असला तरी करीन."